दोर ठीक

त्या दिवशी जयवंत बिडकर पेढे घेऊन आले, आणि पेढ्यांचं कारण होतं एक आकडा.

घाटाच्या पायथ्याशी रज्जुमार्गाचं खालचं स्थानक होतं. तिथल्या यंत्रघरात शिरताच समोर दिसेल असा एक पडदा लावलेला होता आणि त्यावर दोराची ताकद उमटत असे. नवा दोर चढवला त्या दिवशीची ताकद म्हणजे शंभर. तिथून पुढे दोर उतरणीलाच लागायचा. चाकांवरून रोज वाकून वाकून थकायचा आणि काही वर्षांनी भंगारात जायचा. निदान बिडकरांच्या तरुणपणी असंच चालत असे. हा दोर मात्र दहा वर्षं पाळणे ओढत होता, आणि त्या सकाळी पडद्यावर एकशे सहा आले होते.

"माणसं म्हातारी होतात, माझा दोर तरणा होतोय," बिडकर म्हणाले आणि त्यांनी पहिला पेढा रुक्साना तांबोळीच्या हातावर ठेवला. पाळणे सोडायचे आणि थांबवायचे हे रुक्सानाचं काम. तिच्याइतकं त्या यंत्राला कुणी ओळखत नसे आणि तिच्याइतकी बिडकरांची चेष्टाही कुणी करत नसे.

"सर, मग तो शेक आमच्या गुडघ्यांना पण द्या की."

"गुडघ्यात पोलाद घालून या, लगेच देतो."

"आणि तरणी झाले तर घरच्यांना काय सांगू?"

"सांगा, एकशे सहा."

उत्तरा बाजूला उभी राहून हसत होती. ती बिडकरांची मुलगी आणि त्या रज्जुमार्गाची दोरतपासनीस. पहिला पाळणा सुटण्याआधी रोज तिने दोर बघायचा, पडद्यावरचा आकडा बघायचा, आणि मग ध्वनिक्षेपकाचं बटण दाबून स्वतःच्या तोंडाने दोन शब्द बोलायचे: 'दोर ठीक.' वरच्या स्थानकावरून उत्तर यायचं, 'ऐकलं.' त्याशिवाय रुक्साना किल्ली फिरवत नसे. सगळं आपोआप चालवता आलं असतं. पण मार्ग सुरू झाला तेव्हा घाटाखालच्या वाड्यांनी सांगितलं होतं की, कुणीतरी माणसाने बोलल्याशिवाय आम्ही बसणार नाही. म्हणून ते दोन शब्द पाळण्यातही ऐकू जात. मुलं त्याची नक्कल करत. शाळेची घंटा झाली की 'दोर ठीक' म्हणून ओरडत पळत.

आणि नियमात एक ओळ होती. तपासनिसाने 'दोर ठीक' म्हटलं नाही, तर दोराची मूठ कापून आतल्या तारा तपासल्याशिवाय पाळणा हलणार नाही. मूठ म्हणजे दोराचं टोक पाळण्याला जिथे अडकवलेलं असतं ती जागा. तपासनिसाने कारण द्यावं असं त्या ओळीत कुठेच नव्हतं. ती ओळ आजवर कधी वापरावी लागली नव्हती.

ज्याला सगळे 'शेक' म्हणत, तो बिडकरांचा शोध. उत्तरा लहान असताना त्यांनी तिला पोलाद समजावलं ते दिवाळीच्या चिरोट्यावरून. तारेचं पोलाद म्हणजे चिरोटा, ते म्हणायचे. एक थर मऊ लोखंडाचा, त्यावर एक कडक, कार्बनने भरलेला, पुन्हा मऊ, पुन्हा कडक. तार भट्टीत लालभडक करून सावकाश गार केली, तर थर जाड पडतात आणि तार लेचीपेची होते. लाल तार एकदम पाण्यात बुडवली, तर थर पडतच नाहीत. ती काचेसारखी होते आणि काचेसारखीच फुटते. पण तीच तार वितळलेल्या शिशाच्या हौदातून नेली, साडेपाचशे अंशांच्या आसपास, तर थर इतके बारीक पडतात की एका केसाच्या जाडीत शेकडो मावावेत. मग तिला साच्यांतून ओढून ओढून बारीक करायचं. थर आणखी पातळ होतात, तार आणखी चिवट. जगातले सगळे पूल, सगळ्या लिफ्ट, सगळे पाळणे अशा चिरोट्यांवर लटकलेले आहेत.

आईने तळणीवरून मान वर करून म्हटलं होतं, "तिला खाऊ तरी द्या, की नुसतेच थर मोजायचे?"

दोर थकतो म्हणजे काय होतं, तर वाकून वाकून मऊ थरांतल्या अणूंच्या रांगा एकमेकींत अडकतात, लोकरीचा गुंता व्हावा तशा. बिडकरांनी त्यावर एक छोटी गाडी बनवली. रात्री पाळणे बंद झाले की ती दोराला चिमटीत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकायची आणि जाता जाता विजेचे झटके द्यायची. पापणी लवते न लवते तेवढा वेळ तार तापायची, गुंता सैल व्हायचा, तार निवायची. दोर खाली उतरवायला नको, बदलायला नको. पाच-सहा वर्षांत राज्यात जिथे जिथे पोलादी दोर होते तिथे तिथे शेकगाड्या लागल्या. खाडीवरचे पूल, पुण्यातल्या साठ-साठ मजल्यांच्या लिफ्ट, खाणींचे पाळणे. नवीन दोर कुणी घेईना. शिशाच्या हौदांच्या भट्ट्या एकेक करत थंड झाल्या. शेवटची बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रात तिचा फोटो आला होता.

पेढे वाटून झाल्यावर बिडकर म्हणाले, "चल, मला पलीकडे पोचव."

स्थानकाशेजारून एक ओढा वाहत असे आणि पलीकडच्या उतारावर त्यांची कार्यशाळा होती. आठवड्यातले चार दिवस ते तिथेच राहत. सामान न्यायला ओढ्यावर एक छोटा माल-पाळणा होता. त्यात माणसांनी बसायचं नाही असं पाटीवर लिहिलेलं होतं, आणि पाटीखाली उभं राहून बिडकर त्यात चढत. जगातला पहिला शेक याच दोराला मिळाला होता. त्यांचा लाडका दोर. मुख्य दोराला रात्रीतून एकदा, याला दोनदा.

ते कार्यशाळेतल्या बायकोच्या तक्रारी सांगत होते, म्हणजे बायकोच्या कार्यशाळेबद्दलच्या तक्रारी, आणि उत्तरा सवयीने दोरावर नजर फिरवत होती. चाकापाशी एक तुटलेली तार केसासारखी बाहेर आली होती. दोरात शंभरावर तारा असतात, एखादी तुटतेच. तिने पक्कड लावून तिचा वीतभर तुकडा काढून घेतला आणि बोलता बोलता तो पिळायला लागली. चांगली तार अशी पिळली की सुतरफेणीसारखी वळत जाते, वळतच राहते. ही दोन वेढ्यांत तुटली. आणि आडवी तुटली नाही. उभी चिरली, उसाचं कांडं चिरावं तशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

उत्तराने तुकडा मुठीत लपवला.

"काय सापडलं?" बिडकरांनी विचारलं.

"तुटकी तार."

"किती आहेत?"

"एकच."

"मग?"

"काही नाही."

त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो चेहरा त्यांना जन्मापासून ओळखीचा होता. ती पाच वर्षांची असताना पहिल्यांदा लिफ्टमध्ये शिरली, तेव्हाही त्यांनी असंच बघून विचारलं होतं, "किती? दहापैकी?" तिला तेव्हा आकडे नीट कळतही नव्हते, पण मोठा आकडा सांगितला तर बाबांना आवडणार नाही एवढं कळत होतं. ती म्हणाली होती, "दोन." "दोन म्हणजे काहीच नाही. चल." तेव्हापासून झोपाळा, विहीर, दहावीचा निकाल, आजीचं आजारपण, सगळ्याला दोन. त्यांच्या घरात भीती हा शब्द कुणी उच्चारत नसे. आकडा सांगत.

"किती?" बिडकर आता म्हणाले, हसत.

"दोन."

"दोन म्हणजे काहीच नाही." ते माल-पाळण्यात चढले. "उद्या येताना आईकडून लसणाची चटणी घेऊन ये. तिथलं जेवण म्हणजे नुसता उकडा."

पाळणा पलीकडे सुखरूप पोचला. उत्तराने चिरलेली तार चष्म्याच्या डबीत ठेवली. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत देऊ, आकडा आला की सांगू, तिने ठरवलं. नुसती वीतभर तार घेऊन त्यांच्यासमोर काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चटणीची बाटली घेऊन ओढ्यापाशी आली, तेव्हा पलीकडून ते माल-पाळण्यात बसून येतच होते. त्यांनी हात वर केला. मग एक आवाज झाला. जाड कापड फाडावं तसा. दोर तुटताना टणत्कार होतो असं तिने वाचलं होतं; तसा काही झाला नाही. माल-पाळणा ओढ्यातल्या दगडांवर जाऊन पडला आणि वरती दोराचं मोकळं टोक हवेत बराच वेळ डुलत राहिलं.

तिच्या हातातली बाटली मात्र फुटली नाही. ती कुठेतरी नीट ठेवली होती तिने, गवतावर, आडवी होऊ नये अशी. हे तिला नंतर आठवलं आणि त्याचीही भीती वाटली.

मुख्य मार्गही बंद ठेवून चौकशी झाली. तुटलेल्या दोराच्या तारा ओढून बघितल्या. एकशे नऊ. नव्या तारेपेक्षा नऊ टक्के जास्त ताकद. समितीने लिहिलं की दोर निर्दोष होता. चाक अडकून झटका बसला असावा, आणि मुळात त्या पाळण्यात माणसाने बसायलाच नको होतं.

हेमंत सबनीस स्वतः घरी सांगायला आले. ते रज्जुमार्गाचे संचालक आणि बिडकरांचे विद्यार्थी. अंत्यविधीला त्यांनीच खांदा दिला होता. आईसमोर बसून ते रडले, आणि मग चहा घेता घेता म्हणाले, "मुख्य मार्ग सुरू करायला परवानगी मिळाली आहे. त्याला सरांचं नाव द्यायचं ठरलंय. वहिनी, पहिल्या पाळण्यात तुम्ही बसावं अशी सगळ्यांची इच्छा आहे."

"बसेन की," आई म्हणाली.

 उत्तरा आतल्या खोलीत गेली आणि दार लावून भिंतीला टेकून उभी राहिली. तळहात घामाने ओले झाले होते. तेव्हापासून ही भीती तिच्याबरोबर राहायला लागली. जिल्ह्याच्या गावी गेली तर लिफ्ट सोडून जिने चढायची. खाडीच्या पुलावर गाडी आली की श्वास धरायची आणि पूल संपल्यावर सोडायची. टीव्हीवर कुठल्याशा खाणीतले मजूर पाळण्यात बसून हसत हात हलवत होते. तिने टीव्ही बंद केला. सगळीकडे दोर होते, आणि सगळ्या दोरांचे आकडे वाढत होते.

तारा पिळून बघायचं जुनं यंत्र स्थानकाच्या अडगळीत पडलं होतं. तिने ते झाडून, तेल घालून उभं केलं. पूर्वी दर दोन वर्षांनी दोराची मूठ कापून नवी भरत, आणि कापलेल्या तुकड्यातल्या तारा ओढून, वाकवून, पिळून बघत. शेक आल्यावर मूठ कापणं बंद झालं. कापायचं नाही, हाच तर शेकचा फायदा. दोराच्या अंगावरून चुंबक फिरवला की ओढण्याची ताकद कळते. पिळण्याची कळत नाही, त्याला तार हातात लागते. म्हणून ती कुणी बघतच नव्हतं.

माल-पाळण्याच्या दोराच्या तारा तिने एकामागून एक यंत्रात लावल्या. नव्या तारेने वीसएक वेढे सहज घ्यायला हवेत. यातल्या एकीनेही चार घेतले नाहीत. सगळ्या उभ्या चिरल्या.

मग काय झालं असावं ते तिने शोधून काढलं. दर शेकला कडक थरांतले थोडेसे कार्बनचे अणू सुटत होते आणि मऊ थरांत शिरून बसत होते. मऊ थर मऊ असतो म्हणजे तो सरकू शकतो. तार पिळली की थर एकमेकांवरून थोडेथोडे सरकतात आणि पीळ पचवतात. पण सरकायच्या जागीच ते अणू जाऊन बसले, दाराखाली पाचर ठोकावी तसे. आता तार ओढली तर आणखी घट्ट उभी राहणार, म्हणून आकडा वाढतो. पिळली तर सरकता येत नाही, म्हणून फाटते. आणि चाकावरून जाणारी दोरातली तार नुसती वाकत नाही, दर वेळी थोडी पिळलीही जाते.

दोर तरणा होत नव्हता. ताठ होत होता. बिडकरांनी ज्या आकड्याचे पेढे वाटले, तो वाढतोय म्हणजेच काहीतरी बिघडतंय हे त्यांच्या लक्षात आलं नाही, कारण जन्मभर त्यांनी आकडे उतरताना बघितले होते आणि उतरणाऱ्या आकड्याचीच धास्ती घेतली होती.

चिरलेल्या तारा घेऊन ती सबनीसांकडे गेली. त्यांनी एकेक तार हातात घेऊन उन्हात धरली. ते मूर्ख नव्हते; त्यांचा चेहरा उतरला.

"हा प्रयोगाचा दोर होता, उत्तरा. दुप्पट शेक. मुख्य दोराचं असंच झालं असेल कशावरून?"

"झालं नसेल कशावरून?"

"आकडा आहे तुझ्याकडे?"

"मूठ कापल्याशिवाय कसा मिळेल?"

"आणि मूठ कापायची तर मार्ग आणखी दोन महिने बंद. घाटरस्ता तर दरडीखाली गेलाय. वाड्यांतली पाच माणसं आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करून घ्यायला वरच्या दवाखान्यात जातात. आत्ता त्यांना डोलीतून नेतायत. परवा दगडू शेलार डोलीतच गेला, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. दगडू शेलार पाळण्यात चढण्याआधी दर खेपेला तिच्याशी गप्पा मारायचा.

"आणि समजा कापलं, आणि तारा खराब निघाल्या," सबनीस हळू आवाजात म्हणाले, "तर नवा दोर आणणार कुठून? या देशात तार ओढणारी एक भट्टी चालू नाही. पूल आहेत, लिफ्ट आहेत. लोकांना काय सांगायचं, सगळे जिथे आहात तिथे थांबा?"

उत्तराला जाणवलं की तेही घाबरले आहेत. पण त्यांच्याकडे एकशे सहा होते.

"सर असते तर काय म्हणाले असते?" त्यांनी विचारलं.

"आकडा सांग," उत्तरा म्हणाली.

"मग?"

ती तारा गोळा करून परत आली.

आई लुगड्यांच्या घड्या पलंगावर मांडून बसली होती. कुठलं नेसावं हे ठरत नव्हतं.

"आई, तू नको ना बसू पाळण्यात."

"का?"

"दमशील."

"बसून दमतं का कुणी?" आईने एक घडी उचलली, पुन्हा ठेवली. "त्यांच्या दोरावर मी नाही बसायचं तर कुणी बसायचं? लोक म्हणतील, बायकोचाच भरवसा नव्हता."

"लोकांचं जाऊ दे."

"आणि तू तर रोज सांगतेस ना, दोर ठीक. तुझ्या भरवशावर सगळी वाडी जाते, मी जाऊ नको?"

उत्तरा पलंगाच्या कडेला टेकली. सांगायचं होतं, जिभेवर आलं होतं, आणि तिथेच राहिलं. आईने तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि मग भलतंच काहीतरी बोलली.

"लग्नानंतर आम्ही एका गडावर गेलो होतो, पाळण्याने. तुझ्या बाबांनी माझा हात असा धरला होता, की बांगडी पिचली. मला वाटलं, प्रेमाने धरलाय." ती हसली. "तळहात पाण्यात बुडवल्यासारखा ओला. आणि वर पोचेपर्यंत तोंडाने आकडे मोजत होते. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, मोजलं की बरं वाटतं."

"बाबा?"

"मग दुसरं कोण? जन्मभर दोरांचं काम केलं, पण त्या कामाआधी त्यांनी धसकाच घेतला होता दोरांचा. कुणाला म्हणून सांगितलं नाही. मलाही नाही. मी आपली बांगडी पिचल्यावरून ओळखलं."

उत्तराने विचारलं, "तू बोलली नाहीस कधी?"

"काय बोलणार? ते आकडा सांगायचे, मी गप्प बसायची." आईने शेवटी अबोली रंगाचं लुगडं निवडलं. "हे बरं आहे ना?"

उद्घाटनाच्या सकाळी स्थानकाला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. पाळण्याच्या दारावर बिडकरांचा फोटो होता, त्यात ते कुणावर तरी रागावल्यासारखे दिसत होते. पाळण्यात आई, रक्त शुद्ध करायला जाणारी चार माणसं, नवव्या महिन्यातली वाडीतली एक बाई आणि तिची सासू. सबनीसही आत जाऊन उभे राहिले. त्यांना कुणी आग्रह केला नव्हता.

उत्तरा यंत्रघरात आली. मार्ग बंद असला तरी शेकगाडी रोज रात्री नेमाने फिरत होती. ती थांबवायचं कुणाला सुचलं नव्हतं. पडद्यावर एकशे सात होते.

"बघितलंत मॅडम?" रुक्साना म्हणाली. "सर असते तर आज जिलबी." तिने डोळ्यांच्या कडा पदराने टिपल्या आणि किल्लीवर हात ठेवला.

काचेतून दोर दिसत होता. नुकतंच तेल दिलेला, काळा, नितळ, सरळ वर गेलेला आणि ढगात दिसेनासा झालेला. कुठे एक तार बाहेर आलेली नाही. उत्तराने त्याच्याकडे बघितलं आणि तिला कापड फाटल्याचा तो आवाज ऐकू आला. आत्ता नाही, कदाचित आजही नाही. कदाचित कधीच नाही. चष्म्याच्या डबीतल्या वीतभर तारेवरून एवढ्या मोठ्या दोराबद्दल काय सांगता येणार? शास्त्र शिकलेली बाई असं बोलत नाही. आणि आज थांबवलं तर पाळण्यातली चार माणसं पुन्हा डोलीत जाणार, त्यातलं कुणी पोचणार नाही, आणि ते तिच्या नावावर असेल. बाबांच्या नावावर काय उरेल, ते तर विचारायलाच नको.

"खालचं स्थानक, बोला," वरून आवाज आला.

तिने बटण दाबलं. "दोर," ती म्हणाली, आणि थांबली.

रुक्सानाने मान वळवून बघितलं. पाळण्यात सबनीसांनी वर बघितलं. गरोदर बाईच्या सासूने तिच्या पाठीवर हात ठेवला. आई खिडकीपाशी बसली होती. तिने समोरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि तिचे ओठ हलत होते. उत्तराला आधी वाटलं ती काही स्तोत्र म्हणतेय. मग लक्षात आलं. ती मोजत होती.

 उत्तराने बटणावरचं बोट उचललं नाही.

"दोर ठीक आहे की नाही, ते मला माहीत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज बाहेरच्या कर्ण्यांतून तिलाच परत ऐकू आला, परक्या बाईचा असावा तसा. "माझ्याकडे आकडा नाही."

वरून आवाज आला, "खालचं स्थानक, पुन्हा बोला. समजलं नाही."

"मला भीती वाटते," उत्तरा म्हणाली.

स्थानकात, आवारात, खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही पाळण्यांत ते ऐकू गेलं. माळा लावणारे लोक शिडीवर थांबले. आणि वरच्या स्थानकाकडून, दहा वर्षांच्या सवयीने, उत्तर आलं:

"ऐकलं."

रुक्सानाने किल्ली काढून घेतली.  किल्ली तिने पदराच्या टोकाला बांधली आणि त्यावर मूठ घट्ट मिटली. पाळण्यात सबनीस डोळे मिटून उभे होते.

मग यंत्रघरातला फोन वाजला. पाळण्यातून अडचणीच्या वेळी करायचा फोन. उत्तराने उचलला.

"उत्तरा," आई म्हणाली. तिचा श्वास लागला होता. तिने विचारलं, "किती?"

काचेपलीकडे आईचं तोंड दिसत होतं, अबोली पदराच्या आड, लहान झालेलं. त्याच दारावर बाबांचा फोटो होता.

"दहा," उत्तरा म्हणाली. "दोन कधीच नव्हती, आई. कधीच नव्हती."